कोकणातल्या पावसाळ्यात पिंग: एका जुन्या साधनाच्या पर्यायांचे परीक्षण

जून ते सप्टेंबर या काळात कोकण किनाऱ्यावर घरून काम करणाऱ्याला इंटरनेट आहे की नाही एवढे कळून भागत नाही. ते बहुतेक वेळ असते, पण मधूनच काही क्षण जाते आणि नेमके तेव्हाच बैठकीतला आवाज तुटतो. फायबरची तार विजेच्या खांबांवरून, आंब्या-फणसाच्या फांद्यांमधून वाडीत येते. त्यामुळे वारा सुटला की दोष तारेचा, वीजपुरवठ्याचा की घरातल्या वाय-फायचा हे अंदाजाने ठरत नाही. सेवा देणाऱ्याकडे ‘मधूनमधून जाते’ अशी तक्रार केली, तर राउटर बंद करून चालू करा, हे एकच उत्तर मिळते. अशा परिस्थितीत पिंग, म्हणजे जोडणी तपासण्याचे संगणकावरचे छोटे साधन, आणि त्याच्या आज्ञेला जोडायचे पर्याय (ऑप्शन्स) कितपत उपयोगी पडतात, या दृष्टीने हे परीक्षण केले आहे. ते मुख्यतः लिनक्सवरील आवृत्तीचे आहे. विंडोजचा उल्लेख जेथे ती आवृत्ती अडचणीत आणते तेथेच केला आहे.

माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत हे साधन लिहिले. हर्णैच्या मच्छीमार नौकांवरील फिश फाइंडर जसा पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतो, तसेच पिंग आयसीएमपीची (जाळ्यातील यंत्रांनी एकमेकांना निरोप देण्याच्या नियमांची) ‘इको’ विनंती पाठवते आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजते.

कोणताही पर्याय न देता चालवलेले पिंग मात्र फारसे काही सांगत नाही. लिनक्सवर ते दर सेकंदाला एक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवत राहते आणि थांबवेपर्यंत थांबत नाही. विंडोजवर चार पॅकेट्स पाठवून मोकळे होते. चार पॅकेट्सवरून पावसाळी जोडणीचा निवाडा करणे म्हणजे निव्वळ नशिबावर भिस्त ठेवणे होय. पॅकेट्सची संख्या ठरवणारा ‘-सी’ आणि दोन पॅकेट्समधील अंतर ठरवणारा ‘-आय’ हे पर्याय म्हणूनच आधी शिकावेत. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंतींमधून वाय-फाय माजघरापर्यंत कसे पोहोचते हे पाहण्यासाठी ‘पिंग -सी १०० -आय ०.२ १९२.१६८.१.१’ ही आज्ञा पुरेशी आहे, अर्थात राउटरचा पत्ता तोच असेल तर. हीच आज्ञा पडवीत आणि माजघरात चालवून शेवटच्या ओळीतील ‘एमडेव्ह’ हा आकडा ताडून पाहावा. सरासरीपेक्षा हा आकडा अधिक बोलका असतो, कारण उत्तरांच्या वेळा किती हेलकावतात हे तो दाखवतो आणि व्हिडिओ बैठक बिघडते ती बहुधा या हेलकाव्यांमुळेच.

या साधनाची खरी किंमत कळते ती ‘-डी’ आणि ‘-ओ’ या जोडीमुळे. ही दोन्ही अक्षरे कॅपिटल आहेत. पहिला पर्याय प्रत्येक ओळीपुढे वेळेचा शिक्का उमटवतो. दुसरा, पुढचे पॅकेट निघेपर्यंत आधीच्याचे उत्तर आले नसेल तर तसे स्पष्ट लिहितो. ‘-ओ’ नसेल तर हरवलेल्या पॅकेटची ओळच सहसा उमटत नाही आणि क्रमांकांमधील खंड डोळ्यांनी शोधत बसावे लागते. हे दोन्ही पर्याय लावून रात्रभराची नोंद फाइलमध्ये साठवली, एका खिडकीत राउटरला आणि दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, तर सकाळी वाद घालण्याची गरज उरत नाही. राउटरची उत्तरे अखंड आणि बाहेरची खंडित असतील, तर घरातले वाय-फाय निर्दोष आहे. दोन्ही एकाच क्षणी थांबली असतील, तर आधी राउटरचा वीजपुरवठा तपासावा. शिक्क्यातील वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते, ही गैरसोय आहे. ती नेहमीच्या घड्याळात बदलून घ्यावी लागते.

मोबाइल हॉटस्पॉट हाताशी ठेवणाऱ्यांना कॅपिटल ‘-आय’ आवडेल, कारण त्याने पॅकेट कोणत्या जोडणीतून जावे हे सांगता येते. काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अडकतात अशा वेळी ‘-एम डू -एस १४७२’ (‘एम’ कॅपिटल) वापरून पाहावे; एवढे मोठे पॅकेट तुकडे न होता पलीकडे जाते का, हे त्याने कळते. पॅकेटच्या १५०० बाइट्सच्या नेहमीच्या मर्यादेतून आयपी शीर्षकाचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की १४७२ उरतात. पीपीपीओई जोडणीवर (जिथे राउटर नाव आणि पासवर्ड देऊन जोडला जातो) मर्यादा बहुधा १४९२ असते, म्हणून तेथे १४६४ लिहावे.

एकाच अक्षराला दोन संगणकप्रणालींनी दिलेले वेगवेगळे अर्थ हा या साधनाचा सर्वांत त्रासदायक दोष आहे. विंडोजवर ‘-टी’ म्हणजे अखंड चालू ठेवणे, लिनक्सवर पॅकेटची टीटीएल मर्यादा, म्हणजे ते वाटेत जास्तीत जास्त किती राउटर ओलांडू शकते. विंडोजवर ‘-एन’ म्हणजे संख्या, लिनक्सवर केवळ आकडी पत्ते दाखवणे. ‘-एफ’ तर धोक्याचेच आहे. विंडोजवर ते पॅकेटचे तुकडे करू नका एवढेच सांगते, लिनक्सवर मात्र पॅकेट्सचा पूर सोडते. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ते कधीही वापरू नये. शिवाय विंडोजवर ‘पत्त्यापर्यंत पोहोचता येत नाही’ हा आपल्याच यंत्राने दिलेला निरोपही मिळालेले उत्तर म्हणून मोजला जातो, त्यामुळे जोडणी तुटलेली असूनही नुकसान, म्हणजे हरवलेल्या पॅकेट्सचे प्रमाण, शून्य टक्के दिसू शकते.

पिंगच्या आकड्यांवर किती विसंबावे यालाही मर्यादा आहे. वाटेतले अनेक राउटर स्वतःला आलेल्या आयसीएमपी विनंत्यांना दुय्यम मानून काहींची उत्तरे देतच नाहीत, म्हणून अशा राउटरकडील नुकसान पाहून लगेच तक्रार करू नये. पॅकेट जाताना हरवले की उत्तर परतताना, हेही पिंग सांगत नाही. बिघाड वाटेतल्या कोणत्या टप्प्यावर आहे हे हवे असेल, तर एमटीआर हे साधन स्वतंत्रपणे घ्यावे लागते.