सूर्य-पृथ्वी-चंद्र मॉडेल: ऋतू शिकवायला कितपत कामाचं?

शालेय साहित्याच्या दुकानांत मिळणारं हे मॉडेल सहसा एकाच घडणीचं असतं. मधे दिवा, त्याभोवती फिरणारा साधारण २५ सेंटिमीटरचा दांडा, टोकाला १० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल, त्याच्या बाजूला मण्याएवढा चंद्र आणि तळाशी महिन्यांची तबकडी. चंद्र शोभेचाच समजा: त्याची कक्षा ५ अंश कललेली दाखवलेली नसते, त्यामुळे इथे दर अमावास्येला सूर्यग्रहण लागतं. हे घ्यायचं ते ऋतूंसाठी.

ऋतू होतात ते पृथ्वीचा आस २३.४ अंश कललेला असतो आणि वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो म्हणून. कल बहुतेक मॉडेलांत ठीक असतो, बिघडते ती दिशा. दांड्याखाली सारख्या मापाच्या दोन कप्प्या असतात. मधली पक्की बसवलेली, बाहेरची आसाला जोडलेली, आणि दोन्हींवरून रबरी पट्टा. दांडा जेवढा पुढे जातो तेवढंच पट्टा आसाला मागे वळवतो. पट्टा सैल पडून घसरायला लागला की आस दांड्याबरोबरच फिरतो आणि ज्या महिन्यात घसरला तोच ऋतू बारा महिने चालतो! म्हणून दुकानातच आसाचं टोक दाराकडे करून दांडा पाच फेरे फिरवून पाहा. टोक दारावरून ढळलं तर ते मॉडेल परत ठेवा. दातेरी चाकांचं मिळालं तर उत्तम. तीन चाकांपैकी पहिल्या आणि शेवटच्या चाकाचे दाते सारखे हवेत.

दुसरा दोष उजेडाचा, आणि तो सगळ्याच मॉडेलांत आहे. दिवा जवळ असल्यामुळे गोलाचा पूर्ण अर्धा भाग उजळत नाही, कडेने सुमारे साडेअकरा अंश कमी पडतात. परिणामी २१ मार्चला विषुववृत्तावरचा दिवस साडेदहा तासांचाच दिसतो, आणि जूनमधला मध्यरात्रीचा सूर्य साडेसहासष्टऐवजी ७८ अक्षांशांच्या पुढेच सापडतो. उपाय स्वस्त आहे. मोठ्या गोलाच्या जागी ४० मिलिमीटरचा टेबल टेनिसचा चेंडू तेवढ्याच कलाने बसवा, चूक साडेचार अंशांवर येते.

दुपारचा सूर्य डोक्यावर कधी येतो हे मात्र मूळ गोलावरही अचूक दिसतं. पुण्याच्या जागी ५ मिलिमीटरची टाचणी सरळ उभी चिकटवा आणि दांडा मेच्या मध्यावर आणा: सावली नाहीशी होते. जुलैच्या शेवटी पुन्हा तेच. २२ डिसेंबरला पुण्यात खरा सूर्य जेमतेम ४८ अंश चढतो, त्यामुळे खऱ्या काठीची सावली तिच्या उंचीच्या नऊ दशांश पडते; गोलावर दिवा जवळ असल्यामुळे टाचणीची सावली त्याहून लांब दिसते. आपला कडक उन्हाळा जूनआधीच का, याचं निम्मं उत्तर या टाचणीत आहे. उरलेलं निम्मं ढगांत, आणि पावसाळा कुठल्याच मॉडेलमध्ये नसतो.

‘कक्षा लंबवर्तुळाकार हवी होती’ ही तक्रार मात्र चुकीची. पृथ्वी ३ जानेवारीच्या सुमारास १४.७ कोटी किलोमीटरवर, तर ४ जुलैच्या सुमारास १५.२ कोटी किलोमीटरवर असते. २५ सेंटिमीटरच्या दांड्यावर याचा अर्थ सरासरीपासून जेमतेम चार मिलिमीटर. शिवाय जवळ असते ती आपल्या थंडीत. लांबट खाचेतून पृथ्वी फिरवणारं मॉडेल अंतरामुळे ऋतू होतात असा नेमका उलटा समज मुलांच्या डोक्यात घालतं, ते घेऊच नका.

तबकडीवर राशी छापल्या असतील तर एका प्रश्नाची तयारी ठेवा. मकर २२ डिसेंबरला सुरू होताना दिसते, मग संक्रांत १४ जानेवारीला कशी? तबकडी सायन आहे, म्हणजे राशी वसंतसंपातापासून (मार्चमधल्या समान दिवस-रात्रीच्या बिंदूपासून) मोजते; पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजणारं. दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. छपाईची चूक समजून तबकडीचा स्क्रू ढिला करून ती फिरवाल, तर सगळे ऋतू तीन आठवडे सरकतील.