कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं जुन्या अवजारांचं दुकान : जाताना हातोडा घेऊन जावा

साडेतीन स्टार देतोय, त्यातला अर्धा सोबत आलेल्या माझ्या काकांच्या हातोड्याचा.

दुकान म्हणजे उद्यमनगरात मागच्या गल्लीला पत्र्याचं शेड आहे, नाव लिहीत बसत नाही, बाहेर बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा पडलेल्या दिसल्या की तेच. आत कुळव, कुरी, गुऱ्हाळाची फुटकी काहील, मोटेचं चाक, दोन-तीन जुनी इंजिनं, सगळं एकावर एक. मला बैलाचा लोखंडी नांगर पाहिजे होता. आजोबांचा होता तो घर बांधताना कुणीतरी भंगारात घातला, ते काय डोक्यातनं जाईना.

तर इथं एकाच वस्तूला दोन दर असत्यात. पुढं रंग मारून उभा केलेला माल 'अँटिक', तो फार्महाऊसवाल्यांसाठी. मागच्या ढिगातला किलोवर. पुढचा काळा कुळकुळीत किर्लोस्कर नांगर साडेसहा हजार सांगितला. मागं ढिगात तसलाच सापडला, मूठ मोडलेली, फाळ झिजलेला, पण अक्षरं अजून वाचता येतात. ४८ किलो भरला, किलोला ५० नं २,४०० ला उचलला. गंज काय, डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन दोन रविवार घासला की जातोय, रंगाखाली काय दडलंय ते मात्र घरी नेल्यावर कळतं. काट्यावर आधी मी स्वतः उभा राहून बघितलं, घरच्यापेक्षा एक किलो कमीच भरलो, त्यामुळं काट्याबद्दल तक्रार नाही 😄

आता कुणी म्हणेल लोखंडाला एवढं काय. अहो, पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या निकामी तोफा नांगर करायला किर्लोस्करांना दिल्या, आमच्याकडं ही गोष्ट पोराटोरांना पाठ आहे. माझा काय तोफेचा नसणार, पण घासताना मनात येतंयच की.

ऊस गाळायच्या चरकाची गोष्ट वेगळी. तीन लाटांचा, हिरवा रंग, 'एक नंबर पीस हाय, डोळं झाकून न्या' मालक म्हणाला, १८ हजार. काकांनी डोळे उघडे ठेवून मोठ्या चाकाला हातोडीनं हळूच ठोकत गोल फेरी मारली. टण, टण, टण आणि एका जागी भद्द. नखानं रंग खरवडला तर खाली वेल्डिंगची शिवण! बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं चाक ते, साध्या वेल्डिंगला धरतंय होय? ऊस घातला की दात हातात. मालक म्हणतोय कसा, 'ते ओतीवच तसं असतंय'. एक स्टार तिथंच गेला.

जुन्या मालाचे बोल्ट इंचातले, सुतात (इंचाचा आठवा भाग) मोजायचे, हार्डवेअरच्या दुकानात सगळे मिळत नाहीत. पण शेजारी लेथवाला आहे, नमुना दिला की तासाभरात करून देतो, हे उद्यमनगरचं सुख. छोटा हत्ती टेम्पो मात्र स्वतः ठरवून न्या, दुकानातनं बोलावला तर भाडं डबल. सोमवारी बंद.

एका इंजिनवर मन बसलंय. व्हॉल्व्ह उचलून हँडल मारलं तर फिरतंय गुळगुळीत, सोडलं की दाब पण धरतंय, फक्त नंबरप्लेटचे रिबिट नवे कोरे दिसले, म्हणजे प्लेट मागनं बसवलेली वाटतीय. काका म्हणाले आत्ता गप्प बस, जुलैत येऊ, पाऊस लागला की त्याच्याकडं गिऱ्हाईक नसतंय.