ओपनडब्ल्यूआरटी: स्टाफच्या मोबाइलला वेगळी वाट

आमच्या ऑफिसात अकरा माणसं. माझं काम हिशेबाचं, पण प्रिंटर अडला की हाक मलाच, म्हणून नेटवर्कही माझ्याच गळ्यात पडलं.

एकदा त्याच प्रिंटरमधून बेडकाच्या जीवनचक्राची चौदा रंगीत पानं बाहेर आली. कुणाच्या तरी मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट, घरचा प्रिंटर समजून मोबाइलवरून इथे पाठवलेला. सगळे हसले. मला काही हसू येईना. ज्या मोबाइलला प्रिंटर दिसतो त्याला हिशेबाचं मशीनही दिसणार, आणि त्या मोबाइलवर कुठकुठली ॲप्स आहेत देव जाणे.

आमच्या राऊटरमध्ये (कंपनी कुठली ते जाऊ दे) गेस्ट वाय-फायची, म्हणजे पाहुण्यांना वेगळं नेट देण्याची, सोय होती. चालू केली, माझा फोन जोडला, ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकला. प्रिंटरचं सेटिंगचं पान हजर! नाव गेस्ट, दार सताड उघडं.

मग त्याच डब्यावर ओपनडब्ल्यूआरटी चढवलं. लिनक्सवरचं हे फुकट फर्मवेअर, म्हणजे राऊटर चालवणारं सॉफ्टवेअर, २००४ पासून चालू आहे. आपलं मॉडेल हार्डवेअर व्हर्जनसकट त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा. ४ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा) आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या डब्यांवर नवं व्हर्जन चालत नाही.

स्टाफच्या फोनसाठी वेगळं वाय-फाय, वेगळी आयपी रेंज, फायरवॉलमध्ये (कुणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी) वेगळा झोन. या झोनमधून इंटरनेटकडे जाता येतं. ऑफिसच्या लॅनकडे (कॉम्प्युटर-प्रिंटरचं आतलं नेटवर्क) नाही आणि खुद्द राऊटरकडेही नाही. इथेच मी आपटले. अख्खी सकाळ सगळ्यांचे फोन 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' यावर अडकलेले. राऊटरचं दार मी इतकं घट्ट लावलं होतं की आयपी वाटणारं डीएचसीपी आणि साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारं डीएनएससुद्धा बाहेर राहिलं. त्यांच्या वाटा, यूडीपी ६७ आणि पोर्ट ५३, उघडणारे दोन नियम टाकले, तेव्हा कुठे गाडी हलली. क्लायंट आयसोलेशनची टिक केली की फोनला शेजारचा फोनही दिसत नाही. एसक्यूएम, म्हणजे एकाच्या डाउनलोडने सगळ्यांचं नेट तुंबू न देणारी सोय, लावल्यापासून फोनच्या अपडेटमुळे व्हिडिओ कॉल अडकणं थांबलं. जुन्या राऊटरच्या प्रोसेसरला मात्र त्याचा भार झेपेलच असं नाही.

साहेबांना कोण काय बघतं याची यादी हवी होती. मी सरळ नाही म्हटलं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन नेटवर्कला खोटा मॅक ॲड्रेस (फोनचा ओळख क्रमांक) दाखवतात, तेव्हा यादीत नाव लावणार कुणाचं? फसव्या साइट अडवायला ९.९.९.९ हा डीएनएस दिला, तेवढं पुरे. ब्राउझरमधल्या एन्क्रिप्टेड डीएनएसने कुणी त्याला वळसा घातला तरी मागे लागायचं नाही. राऊटरच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) काय राहतं ते कागदावर लिहून दाराशी चिकटवलं.

तक्रारी आहेतच. नवं व्हर्जन आलं का ते स्वतः बघून हातानेच चढवावं लागतं. सेटिंगच्या पडद्यावरची भाषा नेटवर्कवाल्यांची. चुकीचं सेटिंग लावून एकदा मीच बाहेर अडकले, पण ९० सेकंदांत राऊटरने जुनं सेटिंग आपणहून परत आणलं. त्या एका गोष्टीसाठी बाकी सगळं माफ.

मोबाइलवरून प्रिंट काढायची तर आता फाइल मला मेल करावी लागते. त्यावर रोज एक तरी कुरबूर ऐकते.