चिखलदऱ्याचं धबधबा रॅपलिंग: नवख्यांनी जावं का?

पावसाळ्यात परतवाड्याहून घाट चढून आलेल्या बहुतेक गाड्या दोन-चार पॉइंटवर फोटो काढून, भाजलेलं कणीस खाऊन संध्याकाळी खाली उतरतात. त्यातल्या हौशी मंडळींना एक स्थानिक चमू सुमारे 15 मीटरच्या धबधब्यातून दोरावर उतरवतो. बाली किंवा फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर ‘कॅनियनिंग’ म्हणून जे मिळतं, त्यात डोहातल्या उड्या आणि घसरगुंड्याही असतात. इथे नुसतं उतरणं आहे, आणि तेच बरं. या दिवसांत डोह गढूळ असतो, तळाशी कोणते धोंडे वाहून आलेत ते दिसत नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी उडी मारू नका.

या चमूला पैकीच्या पैकी गुण द्यावेत ते दोर लावण्याच्या पद्धतीसाठी. अँकर, म्हणजे दोर अडकवायचे वरचे पक्के आधार, दोन, एकमेकांपासून स्वतंत्र. मुख्य दोर पक्क्या गाठीने बांधलेला नसतो. फिगर एटवर, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराच्या धातूच्या कडीवर, अडकवून असा रोखलेला असतो की वरचा प्रशिक्षक तो केव्हाही सोडू शकतो. याचं मोल धारेच्या मध्यावर कळतं. सैल टी-शर्ट, ओढणी किंवा मोकळे केस उतरणाऱ्याच्या कमरेच्या फिगर एटमध्ये ओढले गेले की माणूस तिथेच लटकतो. कोरड्या कड्यावर तो मदतीची वाट पाहू शकतो. डोक्यावर पाणी कोसळत असताना नाही. पक्की गाठ असती तर सोडवायला वेळ गेला असता. इथे दोर ढिला करून त्याला सरळ खाली घेतात.

दोराचं खालचं टोकही नीट बघा. कोरड्या कड्यावर टोकाला गाठ मारतात. खाली डोह असेल तर गाठ नको, आणि दोर पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच हवा. जास्तीचा दोर पाण्यात पायांना गुंडाळतो, गाठ असली तर फिगर एट तिथेच अडतं. हा चमू ते बरोबर करतो. दुसरा सुरक्षा दोर वरून धरलेला असतो. उतरणारा गरकन फिरला तर दोन्ही दोरांना पीळ बसतो, म्हणून पाय फाकवून ठेवायला सांगतात.

आधी छोट्या उतारावर सराव घेतात, तो टाळू नका. खुर्चीत बसल्यासारखं मागे रेलायचं, गुडघे किंचित ढिले, अख्खा तळवा दगडावर. ब्रेकचा हात, म्हणजे खालचा दोर धरून वेग आवरणारा हात, कमरेखाली. तो सुटता कामा नये. नवखे वरच्या हाताने दोर आवळून धरतात आणि अर्ध्या वाटेत दमतात. सगळ्यात जास्त फजिती कड्याच्या काठावर होते: भीतीने माणूस उभा राहतो, शेवाळलेल्या काळ्या दगडावरून पाय सटकतात आणि गुडघे, हनुवटी आपटतात. धारेत शिरल्यावर वर बघायचं नाही. मान खाली घातली की हेल्मेटच्या कडेखाली श्वासापुरती जागा मिळते.

आता उणं. हेल्मेट एकाच मापाची आहेत, लहान डोक्यावर फिरतात. हातमोजे मिळत नाहीत. हार्नेसचा (कंबर-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचा) कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या वर पूर्ण आवळूनही एखाद्या मुलाच्या बाबतीत आत मूठ जात असेल, तर त्याला सोडू नका, मग ते कितीही रडो. आणि गर्दी! एका दोरावर माणशी दहा मिनिटं धरली तरी तीस जणांना पाच तास लागतात. ओल्या अंगाने वाऱ्यात बसून पोट्टे थरथरायला लागतात, आणि गारठलेल्या बोटांना दोर धरवत नाही. बारा-पंधरा जणांचाच गट मागा, शक्यतो शनिवार-रविवार सोडून.

जीन्स घालू नका, पाणी पिऊन जड होते. गमबूट तर नकोच, त्यात पाणी भरतं. ट्रॅकपँट आणि रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट पुरतात.

वर पठारावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी वाढतं. धारेचा रंग मातकट झाला, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की प्रशिक्षकाने थांबवलंच पाहिजे. पैसे भरण्याआधी विचारा: पाण्यामुळे रद्द झालं तर परत मिळतील का? ज्या ठिकाणी पैसे बुडतात, तिथे गिऱ्हाईकच उतरायचा हट्ट धरतं. इथे दुसरी तारीख देतात.

जेवण दरातच आहे: पिठलं, ज्वारीची भाकर, ठेचा. उतरण्याआधी अर्धपोटीच राहा, हार्नेस पोटावर दाबतो. रबडी नंतर खा.