चॅपलमधलं घर: पूर्वेकडचं घ्या, मधलं नको

इंग्लंडच्या सुट्टीत आम्ही चौदाव्या शतकातल्या एका चॅपलमध्ये राहिलो. या छोट्या प्रार्थनामंदिराची आता तीन खासगी घरं झाली आहेत आणि पूर्वेकडचं घर मालक अधूनमधून भाड्याने देतात. जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय, त्यामुळे गाद्या-उशांपेक्षा माझं लक्ष भिंतींकडेच जास्त होतं.

सर्वांत चांगली झाली आहे ती वाटणी. एवढी उंची मिळाली की आडवे मजले टाकून फ्लॅट काढायचा मोह होतोच. मग खिडकीचे तुकडे पडतात, खालच्याला चौकट आणि वरच्याला कमानीचं टोक. इथे वाटणीच्या भिंती उभ्या घातल्यात, म्हणून प्रत्येक घराला जमिनीपासून छपरापर्यंतची उंची मिळते. झोपायला लाकडी माळा आहे, पण तो पूर्वेच्या भिंतीपासून हातभर अलीकडे थांबवलाय. त्या मोकळ्या जागेतून उजेड थेट खाली स्वयंपाकघरात उतरतो. माळा स्वतःच्या खांबांवर उभा आहे, जुन्या दगडात एकही तुळई खुपसलेली नाही. ज्याने कोणी हे डिझाइन केलं, त्याला मनापासून दाद.

माळ्यावर गेलं की खिडकीची दगडी नक्षी अगदी समोर येते. खालून नाजूक दिसणारी पट्टी जवळून मनगटाहून जाड आहे. तिच्या कडेला छिन्नीचे तिरपे घाव अजून स्पष्ट दिसतात आणि एका दगडावर पाथरवटाची खूण कोरलेली आहे, दोन रेघा आणि एक काटकोन. खाली उभं राहून ती दिसलीच नसती. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे.

या खिडकीला पडदा मात्र नाही, आणि त्या कमानीला तो बसणारही नाही. वेदी पूर्वेला असायची, तेव्हा खिडकीही पूर्वेलाच. जूनमध्ये तिकडे पाचच्या आधी सूर्य उगवतो आणि सरळ तोंडावर येतो. डोळ्यांवरची पट्टी सोबत न्या.

स्वयंपाकघरात दक्षिणेच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात दगडी वाटी आणि मधोमध भोक. पूजेची भांडी धुतलेलं पाणी त्यातून जमिनीत जायचं. याला पिसिना म्हणतात. जुनी फरशी न उखडता वर इन्सुलेशन आणि हीटिंगच्या नळ्या घालून नवी जमीन केल्यामुळे तो आता जेमतेम गुडघ्याच्या वर येतो. विचित्र दिसतं, पण खालचं जुनं सगळं शाबूत राहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सहाव्या एडवर्डच्या काळात, 1547च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना करायला बांधलेली चॅपलं बंद झाली, त्यांची मालमत्ता राजाकडे गेली. पुढे अशा कितीतरी इमारतींची कोठारं, कारखाने, घरं झाली. मी याला विटंबना म्हणणार नाही. वापरात असलेल्या इमारतीचं छप्पर कोणीतरी शाकारतं. ओस पडलेलीचं कोसळतं.

तक्रारी आहेत. बाहेर उत्तरेच्या भिंतीच्या एका पट्ट्यात दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्यात. चुन्याच्या दरजेतून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंटमुळे ती दगडातच अडकते. त्या पट्ट्याभोवतीच्या दगडांचे पापुद्रे आत्ताच हाताला सुटून येतात. मी मालकांना फोटो पाठवलेत. इमारत संरक्षित यादीत असल्याने परवानगी घ्यावी लागेल, विनापरवाना बदल हा तिथे गुन्हा आहे; पण हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

दुसरी तक्रार आवाजाची. वाटणीची भिंत जिथे वाकड्यातिकड्या जुन्या वाशांना भिडते तिथे फटी नीट बुजवलेल्या नाहीत, शेजारच्यांची भांडीसुद्धा ऐकू येतात.

मधलं घर विक्रीला होतं म्हणून आत जाऊन पाहिलं. त्याच्या वाट्याला दोन अरुंद बाजूच्या खिडक्या आल्यात आणि भर दुपारी दिवे लावावे लागतात. त्याचीही किंमत चॅपलच्या नावावरच सांगत होते. मी घेणार नाही.

लहान मुलं असतील तर माळ्याचा जिना फार खडा आहे. थंडीत जाणार असाल तर आदल्या दिवशीच हीटिंग सुरू करायला सांगून ठेवा. ती जमीन तापायला बराच वेळ घेते.