राउटरचा मिनी यूपीएस: १४ महिने वापरल्यानंतर

फायबरची डबी (बाहेरून येणारी फायबरची तार जिला जोडतात ती) आणि राउटर मिळून साधारण ९ वॉट खातात. लाइट गेल्यावर या दोघांना चालू ठेवायला घेतलेला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, म्हणजे छोटी बॅटरी, १४ महिने रोज चालू आहे. आत १८६५० मापाचे, २००० एमएएचचे तीन लिथियम सेल आहेत, म्हणजे कागदावर २२ वॉट-अवर. नवा होता तेव्हा लाइट गेल्यावर दोन तास मिळायचे, आता जेमतेम सव्वा तास. पावसाळ्यात अर्धा-पाऊण तास लाइट जाते, तेवढ्याला हे पुरतं. घ्यावा का, तर जरूर घ्यावा. पण सोबत एक चांगला अडॅप्टरही घ्या, नाहीतर पैसे वाया.

कारण खरा त्रास लाइट जाताना होत नाही, परत आल्यावर होतो. असे बरेच यूपीएस राउटरच्याच अडॅप्टरवर चालवायचे असतात, आणि तो बहुतेक वेळा १२ व्होल्ट १ अँपिअरचा असतो. बॅटरी उतरलेली असताना लाइट आली की त्याच अडॅप्टरला राउटर, डबी आणि चार्जिंग अशी तिहेरी ओढ बसते. ९ वॉटचा भार आणि त्यावर चार्जिंगचे ८-१० वॉट धरले, तर दीड अँपिअरची गरज झाली. व्होल्टेज खाली जातं, राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि दोष मात्र इंटरनेटवाल्याला दिला जातो. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर लावल्यावर हा प्रकार थांबला. अँपिअर जास्त चालतात, राउटर लागेल तेवढाच करंट घेतो. व्होल्ट मात्र तेच हवेत, आणि पिनच्या चिन्हात मधला भाग धन आहे ना हेही बघा.

दोष वीजपुरवठ्याचा की लाइनचा, हे आधी ठरवा. राउटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) ‘अपटाइम’, म्हणजे राउटर सलग किती वेळ चालू आहे ते, दिसतो. नेट तुटल्यावर तो शून्यापासून मोजायला लागला असेल तर राउटर स्वतःच बंद पडून सुरू झालाय: अडॅप्टर, जॅक किंवा उष्णता. अपटाइम चालूच असेल आणि डबीवर ‘लॉस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा असेल तर फायबर बघायला माणूस बोलवा. केबलवर नेट ठीक आणि फक्त वायफाय तुटत असेल तर अडॅप्टरला हात लावू नका; २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळं चॅनेल निवडा.

अडॅप्टर तपासताना इथेच सगळे फसतात. राउटरपासून काढून मल्टीमीटर लावला की मरायला टेकलेला अडॅप्टरही १२.१ दाखवतो. मोजायचं ते भार असताना. एक मादी-दोन नर पिनांची वाय केबल घ्या, मादी टोकात अडॅप्टर, एक नर टोक राउटरला, दुसऱ्या मोकळ्या टोकावर मीटर: लाल प्रोब मधल्या छिद्रात, काळी बाहेरच्या नळीला, दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. मीटर २० व्होल्ट डीसीवर. मोबाइलवर स्पीड टेस्ट चालू करा आणि आकडा बघा. ११.४ च्या खाली गेला तर अडॅप्टर बदला. नाही गेला तरी तो निर्दोष ठरत नाही, कारण क्षणभराची घसरण साध्या मीटरला दिसत नाही. अशा वेळी खात्रीचा दुसरा अडॅप्टर तीन दिवस लावून बघणं हीच परीक्षा.

व्होल्टेज असं घसरतं ते अडॅप्टरच्या आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमुळे, म्हणजे थोडी वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागामुळे. उष्णतेने तो हळूहळू सुकतो, अंतर्गत रोध वाढतो आणि वायफायने जोरात करंट ओढला की व्होल्टेज धरून ठेवता येत नाही. इन्व्हर्टरवर जाताना राउटर बंद पडत असेल तर तीही बहुधा हीच खूण. चांगला अडॅप्टर ते काही मिलिसेकंद काढून नेतो. कपॅसिटर बदलता येतो, पण खोका चिकटवलेला असतो आणि आतल्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात. सोल्डरिंगचा सराव नसेल तर उघडू नका, नवा घ्या.

पिनही मापून घ्या. बहुतेक राउटरना ५.५ × २.१ मिमी लागते. ५.५ × २.५ ची पिन आत जाते, पण सैल बसते आणि टेबल हललं की राउटर बंद. कोकणातल्या दमट हवेत जॅकवर हिरवट थर चढतो, तोही बघा. यूपीएसवर ९ आणि १२ व्होल्टची भोकं शेजारी-शेजारी असतात, पिन दोन्हींत बसते. ९ मध्ये लावलेल्या राउटरचे दिवे लागतात, पण तो भारावर टिकेलच असं नाही.

यूपीएसचं आयुष्य मात्र घटलं ते माझ्या मते जागेमुळे. टीव्हीच्या बंद कपाटात राउटरच्या डोक्यावर यूपीएस ठेवला की सेल कायम पूर्ण चार्ज आणि कायम गरम राहतात, लिथियमला यापेक्षा वाईट काही नाही. आता तो भिंतीवर उघड्यावर, राउटरपासून वीतभर दूर टांगला आहे. खोका कुठे फुगलेला दिसला तर त्याच दिवशी काढायचा आणि ई-कचऱ्यात द्यायचा.