डिस्कसची टाकी: दहा महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी डिस्कस माशांसाठी टाकी बसवली. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच, काच १२ एमएमची. काठोकाठ भरली तर ३४० लिटर पाणी. काच आणि लोखंडी स्टँड धरून वजन ४०० किलोच्या वर जातं, म्हणून हॉलमध्ये भिंतीला लागून, खाली बीम आहे तिथंच ठेवली. अडीच इंचाचे सहा मासे आणले होते. आज पाच आहेत, आणि त्यांतले दोन तळहाताएवढे झालेत.

टाकी, दोन हीटर, दोन मोठे स्पंज फिल्टर, एअर पंप या सगळ्याला पैसे लागले. पण मासे ज्याच्या जिवावर जगले ते बाथरूमजवळचं २०० लिटरचं निळं पिंप. तेच आधी घ्या, मासे नंतर.

आमच्याकडे बोअर आणि नळ दोन्ही आहेत. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या टीडीएस मीटरवर बोअर ६०० च्या पुढं, नळ १२० च्या आसपास. डिस्कस मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. संथ, कोमट, मऊ (कमी क्षारांचं) पाणी आणि पडलेल्या झाडांच्या फांद्यांचा आडोसा, अशी त्याची जागा. त्यामुळं बोअर बाद. आरओ लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी लावला नाही, आणि त्याचा पश्चात्तापही नाही. आपल्याला दुकानात मिळतो तो मासा फार्मवर वाढलेला असतो, तो साडेसातपर्यंतचा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) सहज सोसतो. त्याला सोसत नाही ते पाणी आज एक आणि उद्या दुसरं असणं. नळाचं पाणी पिंपात भरायचं, अँटीक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) घालायचं, २४ तास बुडबुडे सोडणारा एअर स्टोन चालू ठेवायचा, तापमान टाकीइतकं आणायचं आणि मगच छोट्या पंपानं टाकीत सोडायचं. मी दर दोन दिवसांनी अर्धं पाणी बदलतो. काढलेलं पाणी आई कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घालतात. यंदा जास्वंद नुसती लगडली होती.

तळाला वाळू घातली नाही. उरलेलं अन्न आणि विष्ठा लगेच दिसते, नळीनं ओढून काढता येते. घरच्यांना टाकी आधी उघडीबोडकी वाटली. मग मध्ये लाकडाचा एक ओंडका ठेवला, देशी बदामाची वाळलेली पानं सोडली. पाण्याला फिक्या चहाचा रंग आला आणि मासे दिवसभर मोकळे फिरायला लागले.

मासे आणण्याआधी टाकी पाच आठवडे नुसतं पाणी भरून, माशांविना चालवली. मित्राच्या जुन्या टाकीतला एक स्पंज मागून आणला, कारण विष्ठेतून येणाऱ्या घातक अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यात असतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावरच मासे सोडले. इथं घाई केली तर पुढं औषधाची बाटली हातातून सुटत नाही. गरम पाण्यात अमोनिया जास्त घातक ठरतो, आणि डिस्कसला तर २८ ते ३० अंश पाणी लागतं.

डिसेंबर-जानेवारीत ३०० वॉटचे दोन हीटर रोज साधारण चार युनिट घेत होते. मागच्या काचेला थर्माकोल लावला, वर काचेचं झाकण बसवलं, तेव्हा ते तीनवर आलं. उन्हाळ्यात वेगळाच प्रश्न. वळीव आला की लाईट जाते, आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी. बॅटरीचा एअर पंप त्यासाठी हवाच.

दुकानदारानं काच साफ राहील म्हणून एक सकर, म्हणजे तोंडानं काचेला चिकटणारा मासा, दिला होता. तो रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून चिकट थर खायचा. अंगावर गोल चट्टे दिसल्यावर दुसऱ्याच दिवशी परत केला. डिस्कसबरोबर सकर ठेवू नका.

सहावा मासा जुलैमध्ये गेला. दोन दिवस धो धो पाऊस, नळाला पाणी आलं नव्हतं, पिंप रिकामं. पाणी आलं तसं मी थेट टाकीत सोडलं आणि अँटीक्लोरीन नेहमीच्या मापानंच घातलं. पाण्याला क्लोरीनचा उग्र वास होता, तरी घाई केली. दहा मिनिटांत सगळे काळे पडून कोपऱ्यात आले, कल्ले भराभर हलायला लागले. जास्तीचं औषध घालून पाच वाचले. लाल ठिपक्यांचा, सगळ्यांत आधी माझ्या हातातून खायला शिकलेला, वाचला नाही. पिंप भरलेलं असतं तर तो आज असता.

खाणं घरी करतो: कोळंबी, थोडा पालक, लसूण, मिक्सरला फिरवून पातळ थापून फ्रीजरमध्ये. लहान असताना चार वेळा, आता दोन वेळा. मधूनमधून फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या).

गेल्या आठवड्यात आईंनी हाक मारली, “अरे, बघ, ते दोघं मिळून कुंडी चाटायलेत.” उलटी ठेवलेली मातीची कुंडी दोघं तोंडानं घासत होते. संध्याकाळी मादी खालून वर जायची, मागं बारीक दाण्यांची ओळ, आणि तिच्या मागोमाग नर. तिसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली, उरलेली त्यांनीच खाल्ली. नव्या जोडीचं असं होतं. पिल्लं जगली की ती आईबापाच्या अंगावरचा थर खाऊनच पहिले दिवस काढतात. ते बघायचंय, म्हणून काल पहिल्याशेजारी दुसरं पिंप आणून ठेवलं.